तोच की तितकाच

भोये सरांपुढे ‘तेवढाच वेळ’ असं म्हणायची सोय नव्हती. कोणी सहज बोलून जायचं, “जव्हारहून नाशिकला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ठाण्याला.” झालं. सर चष्मा काढायचे, डोळे चोळायचे आणि दगड फोडून आल्यासारख्या दमलेल्या आवाजात विचारायचे, “तोच, की तितकाच?”

समोरचा गोंधळायचा. सर उत्तराची वाट बघत उभे राहायचे. भांडायला नाही. भांडण्याइतका जोर त्यांच्या अंगात मी कधीच पाहिला नाही. त्यांना फक्त उत्तर हवं असायचं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. जव्हारला एसटी स्टँडजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी मराठी टायपिंग शिकवायचो आणि सर प्रोग्रॅमिंग. सर मूळ साखरशेतचे. घरी भात, नागली. त्या घरातले ते पहिले पदवीधर. ठाण्याला एका कंपनीत चांगली नोकरी होती, ती सोडून ते इकडे आले, आणि का आले ते कोणाला सांगत नसत. सकाळी सातची बॅच, रात्री आठपर्यंत शेवटची. मधे लाइट गेली की सर खुर्चीतच मान टाकून झोपायचे. लाइट आली की पंख्याच्या आधी सरांचा आवाज सुरू व्हायचा, तोही अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून.

मला ते ‘तोच की तितकाच’ प्रकरण त्यांनी चहाच्या टपरीवर समजावलं. टेबलावर दोन कटिंग आले होते. सरांनी आपला बोलता बोलता संपवला.

“चौधरी, आपले दोन चहा सारखे होते?”

“सारखेच की.”

“मग मी तुमचा घेतो.” आणि ते खरंच माझा चहा प्याले. मी रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिलो.

“बघा, आता तुम्हाला कळलं,” ते म्हणाले. “तितकाच असला तरी तोच नव्हता. यंत्राचंही असंच आहे. प्रोग्रॅममध्ये वेळ ही एक वस्तू करून ठेवायची. एका वस्तूत भरलं ‘एक तास’, दुसरीत भरलं ‘साठ मिनिटं’. विचारलं, या दोन सारख्या का? यंत्र म्हणतं, नाही. कारण ते आत बघतच नाही. ही वस्तू तीच आहे का, एवढंच बघतं. सारखं म्हणजे काय, ते आपणच त्याला शिकवायचं असतं.”

“आणि नाही शिकवलं तर?”

“तर ते आयुष्यभर नाहीच म्हणत बसतं. त्याचं काय जातंय?”

त्या वर्षीच्या बॅचला सरांनी हाच प्रोग्रॅम लिहायला दिला. दोन कालावधी घ्या, ते समान आहेत का ते सांगा. मुलं आठवडाभर झगडली. दाभोशाहून जीपने येणारी गीता नावाची मुलगी बॅचमध्ये सगळ्यात तयार. ती वैतागून म्हणाली, “सर, येक तास न साठ मिनटां येकच ना? आमचे म्हशीलापन कळंल.”

“म्हशीला कळेल,” सर शांतपणे म्हणाले. “म्हैस तास बघत नाही, तिला भूक लागते. यंत्राला भूक लागत नाही ना बाई.”

शेवटी गीताने सगळ्या वेळेची मिनिटं करून तुलना केली आणि पडद्यावर ‘समान’ अशी अक्षरं उमटली. पोरं खूश. सरांनी चष्मा काढला.

“आता हे करा. एका माणसाला आठवड्यात एक दिवस सुट्टी. दुसऱ्यालाही एक दिवस. सुट्ट्या समान का?”

गीताने आकडे भरले. पडद्यावर पुन्हा ‘समान’.

“मग ते दोघं भेटले का?” सरांनी विचारलं.

आणि फळ्यावर लिहिलं, एकाला रविवारी सुट्टी, दुसऱ्याला गुरुवारी. गीता म्हणाली, “मंग सुरू कधी झाला न संपला कधी, तेपन बघाया पायजे.” सरांनी मान हलवली आणि फळा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले.

मला वाटलं, उदाहरण म्हणून उदाहरण. पण एका रविवारी माझं मोखाड्याला काम निघालं आणि सकाळच्या गाडीत सर भेटले. मांडीवर भाजीची पिशवी, पायाशी एक रिकामा कॅन. मोखाड्याला उतरल्यावर ते म्हणाले, “चला, आमच्या घरी चहा घ्या.” आमच्या घरी म्हणजे तिथल्या एका दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये. सरांच्या पत्नी, वनितावहिनी, तिथे नर्स होत्या. सर ठाणं सोडून का आले ते मला तेव्हा समजलं.

घराला कुलूप होतं. सरांनी खिशातून किल्ली काढली. चहा त्यांनीच केला. मग बाही दुमडून पाणी भरलं. तिकडे पाण्याची टंचाई, टाकी लांब, चार खेपा झाल्या. नंतर भाजी चिरायला बसले. वहिनी वॉर्डातून धावत आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “चौधरी भाऊजी ना? बसा हं. चहा दिला ना यांनी?” सरांकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही परत पाणी भरलंत? पाठ दुखते ना?” आणि उत्तर ऐकायच्या आत गेल्या.

“रविवारी त्यांना सुट्टी नसते?” मी विचारलं.

“गुरुवारी असते. रविवार बाकीच्या बायका घेतात. त्यांना मुलं आहेत.” सर विळीवरून नजर न उचलता म्हणाले. “आम्हाला नाहीत. मग आम्ही काय कारण सांगणार?”

गुरुवारी वहिनी जव्हारला यायच्या. सर बॅचेस घेत असायचे. त्या खोली झाडायच्या, कपडे धुवायच्या, स्वयंपाक करून झाकून ठेवायच्या. दुपारी सर घाईघाईने दोन घास खाऊन जायचे, आणि शुक्रवारी सकाळची ड्यूटी म्हणून वहिनी संध्याकाळच्या गाडीने परत. कित्येक वर्षं ही दोन माणसं एकमेकांच्या रिकाम्या घरांत संसार करत होती.

परत येताना मीच म्हटलं, “शेठकडून गुरुवार मागून घ्या की.”

आमच्या क्लासच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. सरांनी त्यांच्याकडे कधी खडूसुद्धा मागितला नव्हता. पण त्या आठवड्यात ते गेले. मी दारातच होतो.

“गुरुवारी दिवसभर बॅचेस आहेत, भोये,” शेठ म्हणाले. “आणि काय फरक पडतो? रविवार काय नि गुरुवार काय. सुट्टी तेवढीच ना?”

मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. आता चष्मा निघणार, शेठची खैर नाही. पण सर नुसते “बरं” म्हणाले आणि वर्गात गेले. त्यांचं ते ‘बरं’ मला दिवसभर टोचत राहिलं.

वर्गात मीच गीताला सांगितलं, उदाहरणातली दोन माणसं कोण ते. सांगायला नको होतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या सगळ्या बॅचेसची मुलं शेठच्या टेबलापुढे उभी. गीता म्हणाली, “शेठ, आमाला गुरवारचा नाय जमत. आमी रविवारी येव.”

“का नाही जमत?”

“जीप नाय गावत.”

जीप रोज मिळायची, हे शेठलाही माहीत होतं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, मग सरांच्या वर्गाकडे पाहिलं. “रविवारी क्लास कोण उघडणार?”

“मी उघडेन,” मी म्हणालो, आणि शेठनी किल्ली माझ्यापुढे सरकवली. माझी बायको त्यावरून महिनाभर बोलत होती, पण ते जाऊ द्या.

पुढच्याच गुरुवारी दुपारी शेठनी मला सरांकडे पिटाळलं. एक मशीन बंद पडलं होतं. “पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणावं, येऊन जा.”

सरांची खोली वरच्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आत सतरंजीवर सर झोपले होते. चष्मा बाजूला, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात पसरलेले. क्लासमध्ये लाइट गेल्यावर मान टाकून घेतात ती झोप नव्हती ही. वहिनी शेजारी भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या. हातात काही काम नव्हतं. माझी चाहूल लागताच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“जेवले आणि बोलता बोलता झोपले,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “सकाळपासून म्हणत होते, आज काय काय करू या.”

“उठवू का?” मी म्हटलं. “तुमची गाडी संध्याकाळी. मग बोलणं राहून जाईल.”

“राहू दे.” त्या सरांकडेच बघत होत्या. “यांना झोपलेलं बघायलाच मिळत नाही मला.”

मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. शेठना सांगितलं, सर घरी नाहीत.