पालवे सरांचं कपाट

पालवे सरांच्या घरी कोणीही गेलं की पाण्याचा तांब्या यायच्या आधी प्रश्न येतो, "समजा, समोर गुहा आहे. आत काहीतरी घोरतंय. तुम्ही काय करता?"

दूधवाला म्हणतो, "सर, पातेलं द्या." मीटर बघायला आलेला म्हणतो, "मीटर आत हाय का?" एकदा सरांना स्थळ सांगून आलं होतं. मुलीचे वडील मिरजगावहून जीप करून आले, टोपी काढून ऐसपैस बसले आणि सरांनी गुहा काढली. वडिलांनी नीट विचार केला नि म्हणाले, "गुहा कुनाच्या नावावर हाय? आधी सातबारा दावा." सर इतके खूश झाले की तासभर दोघं गुहेच्या मालकीवरच बोलत राहिले. मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. सर अजून एकटेच आहेत.

पाथर्डीतल्या आमच्या शाळेत सर भूगोल शिकवतात, मी गणित शिकवायचो. सरांचा पुण्याचा भाचा एका सुट्टीत आपल्या खेळाचं एक खोकं इथे विसरून गेला, तेव्हापासून सरांना हे वेड लागलं. सर त्याला 'सोंगाचा खेळ' म्हणतात. चौघा-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कोणी चोर, कोणी वैदू, कोणी राजकन्या. एक जण गोष्ट सांगतो आणि ऐन वेळी थांबून विचारतो, आता काय करता? तुम्ही सांगाल तशी गोष्ट वळते, अडलं की फासे टाकायचे. हार-जीत नाही. एकेक गोष्ट महिनोन्महिने चालते.

आता पाथर्डीत चार माणसं महिनोन्महिने कुठून आणायची? दिवाळी झाली की अर्धा तालुका ऊसतोडीला जातो आणि उरलेला अर्धा त्यांची म्हातारी माणसं आणि शेरडं सांभाळतो. खेळायला आहे कोण?

सरांना हे पटत नसे. त्यांच्या मते माणसं येत नाहीत ती संग्रहाचं एखादं अंग लुळं आहे म्हणून. इतिहासाचे सर भुताच्या खेळाला भ्यायले, तर सरांनी विनोदी खेळ मागवला. मुख्याध्यापक म्हणाले, एवढा वेळ नाही, तर सरांनी तासाभरात संपणारा मागवला. मुख्याध्यापक त्या तासभरालाही आले नाहीत. मग हेरगिरीचा आला, तलवारींचा आला, शाळकरी पोरांचा आला, तिघांत भागेल असा एक आला. सरांचे कपडे लोखंडी कपाटातून निघून दोरीवर गेले. माणूस एक कमी झाला की खोकं एक वाढायचं.

"अहो सर," मी म्हणायचो, "खोकीच खेळणार आहेत का एकमेकांत?"

"सर, दवाखान्यात सगळी औषधं ठेवावी लागतात. कुठला पेशंट कधी येईल, सांगता येतं का?"

"मग एकट्याने खेळायचा पण असतो म्हणे. तेवढंच अंग राहिलंय तुमचं."

यावर सर हमखास चिडायचे. "ते अंग नाही. तो आजार आहे."

आणि एकदा खरंच पेशंट आले. शाळेमागच्या वस्तीवरचा एकनाथ सरांच्या छपराचे पत्रे बसवायला आला होता. खालून त्याची बायको कांता खिळे देत होती. सरांनी वरच्या एकनाथला गुहा घातली. तो बिचारा पुढचा खिळा ठोकायला लागला. उत्तर खालून आलं.

"घोरतंय म्हंजी दमलं आसंल. झोपू द्या की त्याला. आपन कडंकडंनं जाऊ."

सर शिडीला धरून उभेच राहिले. इतक्या वर्षांत गुहेचं कोणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

त्या दिवसापासून दोघं संध्याकाळी यायला लागली. सरांनी त्यांच्यासाठी हौसेने शेतीचा खेळ मागवला. त्यात मारामारी नाही, सगळ्या गावाने मिळून सुगी करायची. एकनाथने खोक्यावरचं चित्र बघितलं नि परत ठेवलं. "दिसभर त्येच करतो, सर. आमाला त्ये उडतं जहाज द्या."

कांता जहाजाची कॅप्टन झाली, एकनाथ इंजिनावर आणि मी डॉक्टर. गोष्ट सांगणारे सर स्वतःला सूत्रधार म्हणवत, ती दोघं त्यांना ऊसाच्या टोळीवरच्यासारखं मुकादम म्हणत. कांता कॅप्टन म्हणून जबरदस्त होती. लढाईच्या आधी ती विचारायची, "समदे जेवले का?" शत्रूचं जहाज समोर आलं तरी तेच, "त्येंला पन इचारा." फासे काय पडायचे ते पडोत, त्या बाईने ढगांत पंगती उठवल्या. सर सांगता सांगता हसून लाल व्हायचे. त्यांना तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला नि ती दोघं गेली. जहाज भर आभाळात राहिलं. मी म्हटलं, आपण दोघं पुढे नेऊ. सर म्हणाले, "कॅप्टन गावाला गेल्यात." सगळा हंगाम त्यांनी दुसरं खोकं उघडलं नाही. पाडव्यानंतर कांता ट्रकमधून उतरली ती अंगावरच्या धुळीसकट सरांच्या दारात आली.

"सर, मपलं जहाज हाय ना वर?"

"आहे. तसंच आहे."

असं तीन-चार हंगाम चाललं. यंदा पाडवा गेला, उन्हं तापली, ती दोघं आली नाहीत. मग कांताचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. "ह्येंला हिकडं बारमाही काम लागलं, सर. पोरांची शाळा बी हिकडंच धरली. आमचं जहाज उतरवून घ्या. वाट नगा बघू."

"बरं झालं," सर म्हणाले. "पोरांना शिकवा." फोन ठेवून ते बराच वेळ कपाट पुसत बसले.

जहाज त्यांनी उतरवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, कॅप्टनशिवाय उतरवता येत नाही, तसा नियमच आहे. तसा नियम नाही. खोक्यातलं नियमांचं पुस्तक मी वाचलंय.

आणि मग संस्थेने माझी नेवाशाला बदली केली. माझं गावच ते, म्हणजे घरचे खूश. निरोप घ्यायला गेलो तर सरांनी कॉटखालून एक खोकं काढलं. कोरं करकरीत, वरचा प्लॅस्टिकचा कागदही तसाच. एकट्याने खेळायचा खेळ.

"तुमच्या बदलीचं कळलं त्या दिवशी मागवला," ते म्हणाले. "हा तुम्ही घेऊन जा."

"मी काय करू त्याचं? घरी बायको, आई, दोन पोरं. क्षणभर एकटं बसू देत नाहीत."

"म्हणूनच देतोय. तुमच्याकडे तो फुटणार नाही. इथं राहिला तर एखाद्या संध्याकाळी मी फोडीन. आणि एकदा एकट्याने जमायला लागलं ना सर, की मग दारात आलेल्या माणसाला मी काही विचारणार नाही."

खोकं काखेत मारून मी एसटी पकडली.

ते आता आमच्या घरी माळ्यावर आहे. धाकटा रोज मागतो, मी देत नाही. दर रविवारी सरांचा फोन येतो.

"फोडलं नाही ना?"

"नाही, सर. कोणी आलं होतं का?"

"दूधवाला. पातेलं घेतलं नि गेला."

फोन ठेवण्याआधी मी विचारतोच, कारण आता ते विचारणारं दुसरं कोणी नाही.

"जहाज?"

"वरच आहे," सर म्हणतात. "समदे जेवलेत."