साडेसोळा मिलिमीटर

"प्लास्टिकच्या पताका? आपल्या विहारात? अन् मी जित्ता असताना?"

मुखरूभाऊंनी सतरंजीवर अशी थाप मारली की समोरचे चहाचे कप हलले! भीमजयंतीला तीन आठवडे उरले होते. विहारात कमिटीची बैठक चालली होती आणि अध्यक्ष हरिदासभाऊ नुकतेच म्हणाले होते की, या वर्षी चंद्रपूरहून तयार पताका आणू, रंभाबाईंच्या हातून आता झालर होणं नाही.

रंभाबाई म्हणजे मुखरूभाऊंची बायको. भद्रावतीला लग्न होऊन आल्यापासून दर जयंतीला विहाराची झालर त्यांनीच कापलेली. पतंगाचा निळा-पांढरा कागद घ्यायचा, आठ घड्या घालायच्या, कातरी चालवायची आणि घडी उलगडली की पिंपळपानांची रांगच्या रांग! पण चिकनगुन्या झाला, सांधे धरले, हात थरथरायला लागला आणि मागच्या वर्षी कातरी निसटून थेट अंगठ्यात शिरली. तीन टाके पडले. त्या दिवशी रंभाबाईंनी कातरी कपाटावर टाकली ती टाकलीच. नंतर त्या कागदाच्या दुकानासमोरून जातानासुद्धा दुसरीकडे बघत जायच्या.

"मले रविवारपर्यंत टाइम द्या," मुखरूभाऊ म्हणाले. "झालर कागदाचीच लागन. अन् रंभाच कापन!"

"कशी कापन, भाऊ?" हरिदासभाऊंनी विचारलं.

"ते आत्ता सांगता येत नाई. टाइम आला का समजन!"

आता इथे मुखरूभाऊंच्या खोडीबद्दल सांगायलाच हवं. चौतीस वर्षं ते दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात टूलरूमला फिटर होते. आतलं काम बाहेर बोलायचं नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवतात. त्यांच्या डोक्यात ते इतकं घट्ट बसलं की रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी सुटलं नाही. बाजारातून आल्यावर "कोणती भाजी आणली जी?" असं रंभाबाईंनी विचारलं, तर पिशवी छातीशी धरून म्हणायचे, "समजन!" आणि पिशवीत रोजच्यासारखी वांगीच असायची!

बेत मात्र पक्का होता. थरथरत्या हातातसुद्धा न निसटणारं, कागद कापणारं पण बोट न कापणारं, असं एक साधं हत्यार बनवायचं. कल्पना त्यांना हरिदासभाऊंवरूनच सुचली होती, पण हे त्यांनी मेल्यावरसुद्धा कबूल केलं नसतं. हरिदासभाऊ एसटीत कंडक्टर होते. त्यांचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आठवा! टक टक टक! दिवसभर भरल्या गाडीत चालायचा, पण कधी कोणाचं बोट त्यात गेलं नाही, कारण फटच एवढी बारीक की कागदच जावा.

तसंच करायचं. सागवानाचा मुठीत मावेल एवढा तुकडा, त्याला पुढून बारीक खाच, खाचेच्या पार आत दाढीचं अर्धं पातं. कागद खाचेत घालायचा आणि हत्यार पुढे सरकवायचं. हातातून निसटू नये म्हणून मागे दोन भोकं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट त्यात अडकवायचं. झालं!

खाच किती ठेवावी यासाठी त्यांनी बोटाऐवजी भेंडीवर प्रयोग केले. स्वयंपाकघरातून भेंड्या गुपचूप जायच्या आणि टोकाला पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायच्या. रंभाबाईंनी खुणांसकट चिरून भाजी केली. एका भेंडीवर '३ मि.मी. पास' लिहिलेलं होतं, ती तेवढी त्यांनी बाजूला ठेवली, आणि नवऱ्याला डॉक्टरकडे न्यावं का, याचा विचार करत बसल्या.

राहिला प्रश्न भोकांचा. सैल झाली तर हत्यार हलणार, घट्ट झाली तर बोट अडकणार. मापाशिवाय भोक पाडणं म्हणजे टूलरूमच्या माणसाला पापच! पण रंभाबाईंचं बोट मागावं तर गुपित फुटणार. मुखरूभाऊ अंगणात बाजेवर बसून आठवत राहिले. त्यांना रंभाबाईंची बोटं अगदी लख्ख आठवत होती. चिमूरला मित्राच्या लग्नात गेले होते, तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बोटंच. मांडवात एक पोरगी मांडी घालून बसलेली, मांडीवर कागदाचे कपटे पडताहेत आणि बोटं अशी चालताहेत, अशी चालताहेत! मग तिने घडी उलगडली आणि बारा मोर एकमेकांच्या चोचीला चोच लावून उभे राहिले. वऱ्हाडी जेवायला बसले तरी मुखरूभाऊ मोरांखालीच उभे होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडे हरिदासभाऊंची चंचल कपडे वाळत घालताना दिसली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी, रोज पहाटे पाच किलोमीटर पळायची. मुखरूभाऊंनी तिचे हात पाहिले आणि ताडकन उठले. तीच बोटं! हुबेहूब!

"चंचल बेटा, जरा हात दे वो इकडे!"

चंचलने कुंपणावरून हात दिला. मुखरूभाऊंनी खिशातून व्हर्नियर काढला, मधलं बोट मोजलं, मग अंगठी घालायचं बोट मोजलं, आणि आनंदाने ओरडले, "साडेसोळा! वा! असंच पाहिजे होतं मले!"

चंचलची आई वच्छलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप तिथेच थांबलं.

"काय मोजून राह्यले, भाऊ?"

"ते आत्ता सांगता येत नाई, बाई," मुखरूभाऊ हसून म्हणाले. "रविवारी समजन! पण पोरीच्या हाताचं काम झालं म्हणजे पक्कं झालं!"

आणि वही-पेन्सिल घेऊन आत गेले.

आता तुम्हीच सांगा! मार्च महिना, लग्नसराई तोंडावर, शेजाऱ्याचा पोरगा विक्की नागपूरला नोकरीला, बिनलग्नाचा, आणि त्याचा बाप आपल्या पोरीच्या अंगठीच्या बोटाचं माप घेऊन जातो! आपल्याकडे अंगठीचं माप साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरल्याशिवाय कोणी घेतं का? वच्छलाबाईंनी तांदूळ तसेच टाकले आणि हरिदासभाऊंना गाठलं. हरिदासभाऊंनी लगेच चिमूरच्या भावाला फोन लावला. चिमूरच्या भावाने नागपूरला विक्कीला लावला आणि "अभिनंदन, जावईबापू!" म्हणून ठेवूनही दिला!

विक्कीने घाबरून आईला फोन केला. "आई, माझं लग्न ठरलं काय?"

"कोणासंगं?" रंभाबाईंनी विचारलं.

"तेच तर मी तुले विचारून राह्यलो!"

रंभाबाईंनी फोन ठेवला आणि त्यांचं तोंड जे बंद झालं ते रविवारपर्यंत. पोटच्या पोराचं लग्न ठरतं आणि आईला पत्ता नाही! हा माणूस आयुष्यभर भाजी लपवत आला, आता सूनसुद्धा लपवायला लागला! त्यांनी मुखरूभाऊंपुढे ताट आदळायला सुरुवात केली. आणि मुखरूभाऊंना वाटलं, बिचारीला झालरीचं दुःख सहन होईना! ते आणखी जोराने कानस घासायला लागले.

रविवार उजाडला. नऊ वाजता हरिदासभाऊ पांढरा शर्ट घालून दारात हजर. मागे वच्छलाबाई, पेढ्यांचा डबा आणि चिमूरहून आलेले अकरा पाहुणे!

मुखरूभाऊ एवढा लवाजमा बघून हरखले. अध्यक्ष झालर बघायला येणार हे ठरलेलंच होतं, पण चिमूरचे लोकसुद्धा आले? म्हणजे हत्याराची कीर्ती तिथवर पोचली!

"जय भीम, जय भीम! बसा, बसा! रंभा, चहा ठेव वो!"

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला.

"मंग, भाऊ," हरिदासभाऊ बाजेवर टेकत म्हणाले, "तारीख कवाची धरता?"

"तारीख काहाले? आज! आत्ता! पाच मिनिटांचं काम!"

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. "पाच मिनिटांत?" चिमूरचा भाऊ म्हणाला. "आमच्याकडचे तर अजून सत्तर जण यायचे आहेत!"

"येऊ द्या ना! सगळ्यायले दाखवतो!" असं म्हणून मुखरूभाऊ आत गेले आणि पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. वच्छलाबाईंनी पदर सावरला. मुखरूभाऊंनी फडकं सोडलं.

आत होता सागवानाचा पॉलिश केलेला ठोकळा. त्याला दोन गोल भोकं.

वच्छलाबाई वाकून बघत म्हणाल्या, "अव माय! लाकडाची अंगठी?"

"अन् दोन बोटांची!" चिमूरच्या भावाने भर घातली.

"अंगठी? कायची अंगठी?" मुखरूभाऊ चमकले. "कागद कापाचं हत्यार आहे हे! रंभासाठी!"

"मंग आमच्या पोरीचं माप काऊन घेतलं?" हरिदासभाऊ उभेच राहिले.

"भोकासाठी!"

"भोकासाठी? मी भावाले जीप करून बोलावलं!"

तेवढ्यात चंचल रविवारचं लांबचं पळणं संपवून परत आली, घामाने निथळत, पायांत बूट. अंगणातली गर्दी आणि पेढे बघून तिला सगळा प्रकार कळायला वेळ लागला नाही. "बाबा, मले एक शब्द तरी विचारा लागत होता ना! जूनमध्ये माझी ग्राउंडची परीक्षा आहे, अन् तुमी इथी पेढे वाटून राह्यले?" मग तिची नजर ठोकळ्यावर गेली. "काका, हे काय जी?"

मुखरूभाऊंनी ठोकळा पुढे केला. चंचलने बोटं घातली. अशी बसली, अशी बसली की जणू जन्मापासून तिथेच होती! तिने निळ्या कागदाची घडी खाचेत धरली आणि हत्यार सरकवलं. सर्र! घडी मधोमध दोन! मग दुसऱ्या हाताचं बोट मुद्दाम खाचेत दाबून पाहिलं. जाईना! चिमूरच्या पाहुण्यांनी साक्षगंध विसरून टाळ्या वाजवल्या.

रंभाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. पाच दिवसांचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत होता. "माह्यासाठी बनवलं?" त्यांनी विचारलं, आणि ट्रे वच्छलाबाईंच्या हातात देऊन पुढे आल्या.

हत्यार त्यांनी हातात घेतलं. मधलं बोट भोकात घातलं. पहिलं पेर गेलं. सांध्याशी अडकलं. त्यांनी जोर लावला, बोट लाल झालं. दुसरं बोट तर तेवढंही गेलं नाही.

मुखरूभाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. चौतीस वर्षांत त्यांचा एक नग परत आला नव्हता. आला तो हा, आणि तो घरातूनच! हरिदासभाऊ खाली बघत हळूच म्हणाले, "जाऊ द्या, भाऊ. चंद्रपूरचा दुकानदार ओळखीचा आहे."

"माप कोणाचं घेतलं होतं?" रंभाबाईंनी विचारलं.

"तुहंच."

"माहं कवा घेतलं?"

मुखरूभाऊ चिमूरच्या अकरा जणांसमोर खालमानेने म्हणाले, "तू मोर कापत होती ना मांडवात, तवाचं. ते ध्यानात होतं."

रंभाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि मग एकदम त्यांना असं हसू फुटलं की ठोकळा हातातून पडायचा राहिला. "अव वच्छला, याहीनं साक्षगंधातली अंगठीबी अशीच आणली होती! अंदाजानं! बोटातून सटकून डायरेक्ट वरणात! धागा गुंडाळून गुंडाळून घातली म्या. पातळ बोट होतं तवा ढिली, अन् बोट मोठं झालं तवा डब्यात! या माणसानं दुनियेचं माप घेतलं, माहं कवा घेतलंच नाई!"

सगळं अंगण हसलं. मुखरूभाऊंनी मात्र खिशातून व्हर्नियर काढला. रंभाबाईंचा हात आपल्या हातात घेतला. तो थरथरत होता. त्यांनी व्हर्नियर बोटाच्या सांध्यावर टेकवला.

"एकवीस," ते पुटपुटले. "सांध्यावर एकवीस."

मग अर्धगोल कानस आली. पाहुण्यांनी पेढे संपवले, वच्छलाबाईंनी सगळ्यांसाठी भात टाकला, आणि मुखरूभाऊ बाजेवर बसून भोकं घासत राहिले. दुपारी तीनला रंभाबाईंनी बोटं घातली. बसली! आठ घड्या, निळा कागद, सर्र, सर्र, सर्र. घडी उलगडली. पानं आली, पण हाताच्या थरथरीने प्रत्येक पानाची कड लाटांसारखी वळलेली. रंभाबाईंचा चेहरा पडला.

चिमूरचा भाऊ पुढे वाकून म्हणाला, "बाप्पा! हे तर वाऱ्यानं हालून राह्यलं!"

हरिदासभाऊंनी झालर हातात घेतली, उन्हात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "प्लास्टिक कॅन्सल!"

जयंतीला विहारावर तीच झालर लागली. लोक थांबून थांबून विचारत होते, हे नवीन डिझाइन कुठून आणलं? मुखरूभाऊ अर्थातच सांगत नव्हते.

रंभाबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. झालरीकडे बघत हळूच म्हणाल्या, "काय जी, अकरा माणसायसमोर माह्या बोटाचं माप घेतलं. मंग अंगठी कवा आणता?"

मुखरूभाऊंनी हातातली पिशवी पटकन छातीशी धरली.

"ते आत्ता सांगता येत नाई."

रंभाबाईंनी पिशवी ओढून आत पाहिलं. वांगी होती!