सखुभाईचा अंगठा

अप्पा माणसाला हाक मारतात ती त्याच्या कागदावरच्या नावाने. कागदावरचं नाव चुकलं असेल, तर हाकही चुकीची. समोरच्या सुनंदावहिनींच्या रेशनकार्डावर 'सुंदरबेन' छापलंय, म्हणून अप्पांच्या लेखी त्या सुंदरबेन. वहिनींना ते आवडतंही. माझ्या निवडणूक कार्डावर भीमरावचं 'भिकाराव' झालंय. मला आवडत नाही.

मी खानदेशातून रिकाम्या हाताने सुरतेत आलो, पांडेसऱ्यात कापड रंगवलं, आज साड्यांचा दलाल आहे. माझ्यासमोर भाव बोलताना भलेभले घाम पुसतात. आणि माझ्या लेकीच्या साखरपुड्यात, व्याह्यांदेखत, अप्पा दारातून ओरडले, "भिकाराव, पाहुणे बसले का?"

"अप्पा, भीमराव!" मी दात आवळून म्हणालो.

"कागद काय म्हनस?" हट्टाला पेटले की अप्पा अहिराणीवर येतात.

व्याही खदखदून हसले. त्या दिवसापासून मी अप्पांशी बोलणं टाकलं.

अप्पा आमचे शेजारी, खालच्याच मजल्यावर राहतात. निवृत्तीनंतर त्यांचा एकच उद्योग, आपल्या घराण्याची वंशावळ. गावचं दप्तर, शाळेचे दाखले, सगळं उपसलं. आजोबा सापडले, वडील मोतीराम सापडले. आई सखुबाई कुठेच नाही. अप्पा चार वर्षांचे असताना ती गेली; फोटोही नाही. पांडेसऱ्यात एका रंगाईच्या कारखान्यात ती कामाला होती, एवढंच ठाऊक. तिथल्या जुन्या हजेरीच्या रजिस्टरात निघाला 'सखुभाई मोतीराम'.

"तुझा सावत्र भाऊ दिसतोय," नातेवाईक म्हणाले. हजेरी लिहिणाऱ्या गुजराती मेहताजीने 'बाई' ऐकलं आणि हाताच्या सवयीने 'भाई' लिहिलं, हे फक्त अप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स आणली.

मग कारखाना पलसाण्याला हलायला निघाला. अप्पा वर आले. "जुनी रजिस्टरं रद्दीत चाललीत. तेवढं एक पान सोडवून दे. मला मॅनेजर उभं करत नाही. तू बोललास तर देईल, भिकाराव."

शेवटचा शब्द त्यांनी गिळला असता तर मी चपला घातल्या असत्या.

"त्याला सांगा, भिकारावाने पाठवलंय," मी म्हणालो आणि दार लावलं.

पाच मिनिटांचं काम होतं. आठवड्याभराने राग उतरल्यावर कारखान्यात गेलो. कोठार झाडून धुतलेलं. रजिस्टरं कागदाच्या लगद्यात गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा भाव करायला समोर कुणी नव्हतं.

परतताना अप्पांकडे शिरलो. भिंतीवर ती झेरॉक्स, चौकटीत, हार घालून. 'सखुभाई मोतीराम', आणि पुढे एक काळा डाग.

"हे काय?"

"अंगठा. लिहिता येत नव्हतं तिला. पानावर रेषा दिसायच्या, निळ्या. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला होता. तिचा लहान होता." त्यांनी चौकटीची काच बोटाने पुसली. "झेरॉक्समध्ये रेषा येत नाहीत."

मला मॅनेजरशी बोलायचे सगळे शब्द आत्ता सुचत होते.

"अप्पा, निदान हे 'भाई' तरी खोडा. खोटंच आहे ना?"

"नाव खोटं म्हटलं तर पान खोटं. मग अंगठा कुणाचा?" त्यांनी हाराचं एक सुकलेलं फूल काढलं. "नाव कोनं बी ऱ्हावो, भिकाराव. अंगठा मन्ही मायना शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "भिकाराव! पाणी आलं का वर?"

बायको माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी गॅलरीत गेलो.

"आलं, अप्पा."