रेड टॅग लागलेला डेक

माणसानं कंपनीतली अक्कल कंपनीच्या गेटवरच जमा करावी आणि मोकळ्या डोक्यानं घरी यावं, एवढं ज्योतीरामांना वेळेवर सुचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या आठवड्यात त्यांच्या डिपार्टमेंटला फाइव्ह-एसची ढाल मिळाली होती. ती घेताना काढलेला फोटो कंपनीच्या ग्रुपवर फिरत होता आणि ज्योतीराम जमिनीपासून जरा वरच चालत होते. अशा अवस्थेत रविवारी सकाळी चहा घेताना त्यांनी ठरवलं, की आता घरातही फाइव्ह-एस करायचं.

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत मोजमापाची हत्यारं तपासतात. (व्हर्नियर खरं बोलतोय की खोटं, हे ते नुसतं हातात धरून सांगतात. बायको काय बोलतेय हे मात्र त्यांना दोनदा विचारावं लागतं.) फाइव्ह-एस ही जपान्यांची शिस्त, आणि तिचं पहिलं कलम सोपं आहे. न लागणारी वस्तू शोधायची आणि तिला लाल टॅग बांधायचा. ठरलेल्या मुदतीत 'ही वापरात आहे' असं कोणी म्हणालं नाही, तर वस्तू भंगारात.

मोशीच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मग टॅगांचा सुळसुळाट झाला. आईच्या, म्हणजे मंजुळाबाईंच्या, पितळी घागरीला टॅग लागला. बायकोनं, विजयश्रीनं, साठवलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना लागला. मुलगी साक्षी हिंजवडीच्या कॅबमध्ये बसूनच अर्धी दमते, तिच्या योगा मॅटलाही लागला. मुदत संक्रांतीपर्यंत. शिवाय ज्योतीरामांनी स्वतःचं एक कलम जोडलं. वस्तू ज्याची, त्याची साक्ष धरायची नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी 'वापरात आहे' म्हणायला हवं.

विजयश्रीनं ते कलम त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग हात पुसले, उरलेल्यातला एक टॅग उचलला आणि शांतपणे हॉलमधल्या कॅसेट डेकच्या बटणाला बांधला.

ज्योतीरामांच्या हातातला चहा तिथंच गार झाला.

हा डेक म्हणजे साधासुधा टेपरेकॉर्डर नव्हे. जपानी, तीन हेडचा, उचलताना भरल्या हंड्याएवढा जड. कंपनीतले एक जपानी साहेब मायदेशी परतताना तो ज्योतीरामांच्या हवाली करून गेले होते, त्याच्या ट्रान्सफॉर्मरसकट. तेव्हापासून ज्योतीरामांनी त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. रोज मऊ फडक्यानं पुसणं, रविवारी कापसाच्या बोळ्यानं हेड साफ करणं. ड्युटीवरून आल्यावर चहा घेत ते कॅसेट लावायचे, आवाजाबरोबर हलणाऱ्या सुयांचं नाचणं बघायचे, आणि चाकण रोडवरचा सगळा ट्रॅफिक जाम त्यांच्या अंगातून उतरायचा. ज्योतीराम सुखी माणूस होते, आणि त्यांच्या सुखाला बटणं होती. आता त्यातल्याच एका बटणावरून लाल टॅग लोंबत होता.

डेक वाचवायचा तर घरातल्या कोणाला तरी फितवणं भाग होतं. त्यांनी आईसाठी भजनांची कॅसेट लावली. आईनं दोन कडवी ऐकून सांगितलं, की हेच भजन मोबाइलमध्ये आहे आणि त्यात बुवा दिसतातसुद्धा. साक्षीला त्यांनी टेपच्या आवाजातला उबदारपणा समजावला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पप्पा, मागे कुकर लावलाय का?" विजयश्रीला समोर बसवून जुनी गाणी लावली, तर दुसऱ्या गाण्याला ती बसल्याजागी घोरायला लागली. (गाणं संपल्यावर जागी झाली आणि छान होतं म्हणाली. पण झोपलेल्याची साक्ष कुठल्या कलमात बसवणार?)

थंडी वाढत होती, संक्रांत जवळ येत होती, आणि ज्योतीरामांची भूक उडाली होती. त्यातल्या त्यात दही तेवढं जेवणात गोड लागायचं. त्या वर्षी ते असं घट्ट लागत होतं, की चमचा उभा राहावा. विचारात बुडालेले ज्योतीराम वाटीमागून वाटी संपवायचे आणि उसासे टाकायचे.

आणि एका पहाटे चमत्कार झाला. फर्स्ट शिफ्टच्या बससाठी निघताना त्यांनी सहज डेकवर हात ठेवला, तर डेक गरम. घरातली फरशी बर्फासारखी आणि डेक ऊन ऊन. रात्री निजताना स्वतः बंद केलेला त्यांना पक्का आठवत होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

कुरुळीपर्यंत बसमध्ये विचार केल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते झोपल्यावर कोणीतरी चोरून डेक ऐकत होतं. हेडफोन लावल्यावर बाहेर आवाज येणारच नाही. साक्षी तर डेकच्या वाटेलाही जात नाही, आईला हेडफोनमध्ये कान दुखतात. म्हणजे विजयश्री! दिवसा घोरायचं ते नाटक, आणि मनातून मात्र गाण्यांची ही ओढ. टॅग स्वतः बांधला म्हणून आता कबूल करायला लाजत असणार. ज्योतीरामांना बायकोचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी बसमध्ये शेजारच्याला खिडकीची जागा देऊन टाकली.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. साखरपुडा झाल्यावर भोसरीच्या खोलीत बसून, मित्राच्या टेपवर, बार्शीच्या विजयश्रीसाठी त्यांनी ती भरली होती. बोलकं पत्रच ते. ती डेकमध्ये घातली, टेप किती फिरली ते मोजणारे आकडे शून्यावर आणले आणि मुकाट्यानं झोपायला गेले. पहाटे बघतात तर डेक गरम आणि आकडे शून्यावरच. ऐकून पुन्हा मागे गुंडाळून ठेवली होती! अशी शिस्त त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये एकालाही नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ देऊन झाल्यावर ज्योतीरामांनी सुनावणी घेतली. आईच्या घागरीसाठी साक्षीनं साक्ष दिली. डब्यांसाठी आईनं दिली. मॅटवर आजी दुपारी आडवी होते, हे विजयश्रीनं सांगितलं. मग ज्योतीरामांनी डेककडे बोट केलं आणि मोठ्या विश्वासानं बायकोकडे पाहिलं.

"वापरात आहे," विजयश्री म्हणाली.

"म्या बी सांगते," मंजुळाबाई म्हणाल्या. "रोज लागतोय की. त्याच्याबिगर आता भागायचं न्हाई."

ज्योतीरामांनी तिळगुळाचा आणखी एक लाडू आईच्या हातावर ठेवला. आईसुद्धा! ते म्हणाले, की मग मला आधी का नाही सांगितलं, आपण सगळ्यांनी मिळून ऐकलं असतं.

सासूनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे.

"ऐकायला नाही हो," विजयश्री म्हणाली. "आम्ही त्यावर दही लावतो."



मग मंजुळाबाईंनी लेकाला नीट समजावलं. या थंडीत विरजण लावलं तरी दूध सकाळपर्यंत दूधच राहायचं. टॅग लागल्यावर एकदा गाणी बंद झाल्या झाल्या सुनेनं डेकला हात लावला, तर वरून ऊब. "बाळंतिणीच्या खोलीत असती तशी, जास्त न्हाई, कमी न्हाई." तेव्हापासून ज्योतीराम झोपले की डेक चालू करायचा, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं वर ठेवायचं, आणि ते उठायच्या आत काढून डेक बंद करायचा. तेव्हापासून एकदाही दही बिघडलं नाही. अशी वस्तू जपान्यांनीच करावी, असं म्हणून त्यांनी डेककडे बघत कानशिलावर बोटं मोडली.

ज्योतीरामांना तीन हेड आठवले, मऊ फडकं आठवलं, आणि मिटक्या मारत खाल्लेल्या त्या सगळ्या वाट्या आठवल्या. शेवटी त्यांनी पडेल आवाजात विचारलं, की मग ती कॅसेट?

"ती ऐकली ना," विजयश्री म्हणाली. "पातेलं ठेवताना दिसली, वर माझं नाव होतं. हेडफोनचा एक कान मी घेतला, एक आईंनी."

"आईनं?"

"लई बडबड केलीस रं," मंजुळाबाई म्हणाल्या. "निम्मी त्या मेसच्या आमटीवर."

"आणि निम्मी बसच्या गर्दीवर," विजयश्री हसू दाबत म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "शेवटी तुम्ही घसा खाकरला, माझं नाव घेतलंत, आणि टेपच संपली. तेव्हाही संपली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, विचारायचं राहूनच गेलं. काय म्हणायचं होतं हो?"

ज्योतीरामांनी आईकडे पाहिलं. साक्षीकडे पाहिलं, ती तर मोबाइल खाली ठेवून बसली होती. कानाच्या पाळ्या तापल्या. (त्यांच्यावरही दही लागलं असतं.)

"हेच," ते म्हणाले, "की मला दही आवडतं."

विजयश्री इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं उठून डेकचा टॅग आपल्या हातानं सोडला. निकाल असा लागला, की संध्याकाळी डेक ज्योतीरामांचा आणि रात्री विरजणाचा. ज्योतीरामांना तो बेहद्द पसंत पडला. वाटी हातात घेऊन सुयांचा नाच बघताना आपल्याइतका सुखी माणूस अख्ख्या मोशीत नसेल, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते असेच बसले असताना बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या सुमनताई, हातात झाकलेलं पातेलं. त्यांना डेक बघायचा होता. घरी येऊन कोणी आपणहून डेक बघायला मागतंय, हे ज्योतीरामांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी सुमनताईंना खुर्ची दिली, तिन्ही हेडांचं काम समजावलं, सुया दाखवल्या, गाण्याचा आवाज वाढवून कमी करून दाखवला. सुमनताईंनी पातेलं मांडीवर धरून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अय्या," त्या म्हणाल्या, "म्हणजे यावर गाणी पण लागतात?"