कौतुकाचा रकाना

म्हशाजवळच्या एका गावाने ग्रामसभेत रीतसर ठराव करून स्मशानाला शेड मागितली होती. मंजूर झालं ते बास्केटबॉलचं मैदान. मागणी कागदोपत्री पूर्ण झालेली असल्याने गावानेही बास्केटबॉल मनावर घेतला आणि दर रविवारचे सामने मोबाईलवर थेट दिसू लागले.

समालोचनाला दोघे बसत. मंगळू हा म्हशाच्या जत्रेतला बैलांचा दलाल, आणि धाऊ जीपला भोंगा लावून गावोगाव भाजी विकणारा. खेळाचे नियम दोघांनाही ठाऊक नव्हते, त्यामुळे ते कुठेच अडखळत नसत.

"हा बघा प्रणित आला! चार दाती, खांदा भरलेला, मारका नाय! पन टोपलीजवळ गेला का बिचकतो!"

"बिचकला रे बिचकला! गेला चेंडू वालाच्या शेतात! धनी शेंगा मोजून घ्या!" धाऊ री ओढे.

मैदानामागच्या घरात दिशा राहत असे. शिक्षण बी.एस्सी., मुलगी मनस्वी, वय वर्षं चार. डॉक्टरांनी दिशाला काळजी कमी करायला सांगितलं होतं. तेव्हापासून आपण काळजी जास्त करतो की काय, याचीही तिला काळजी लागून राहिली होती. नवरा रविवारीही वाशिंदच्या कारखान्यात ड्यूटीवर, सासूबाई सरस्वती गुरांकडे, आणि मनस्वी मैदानावर. दिशा मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून भाकऱ्या करायला बसे. मग मध्येच, सामना ऐन रंगात असताना, मंगळू म्हणे,

"दिशावयनी, मनस्वी हितंच हाय, खांबाजवळ. चप्पल एकच हाय, दुसरी कुत्र्यानं नेली. तुमी भाकऱ्या थापा निवांत."

अख्ख्या आठवड्यात दिशाला निवांतपणा मिळे तो एवढाच. तिच्या मनात आलं, या दोघांचं कुणीतरी लेखी कौतुक करायला हवं. शिकलेली असल्यामुळे तिने ते केलं.

तालुक्याच्या कचेरीचं नवं संकेतस्थळ होतं. त्यावर 'तक्रारीचा प्रकार' असा एकच रकाना होता: रस्ता, पाणी, वीज, भटकी कुत्री, इतर. दिशाने 'इतर' निवडलं आणि समालोचकांचं मनापासून कौतुक लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'हा त्रास किती काळापासून आहे?' रकाना रिकामा ठेवता येईना. तिने लिहिलं, दोन वर्षं. 'तीव्रता?' तिने लिहिलं, अतिशय.

आठ दिवसांत चौकशी अधिकारी अनिलराव ओटीवर येऊन बसले.

"तक्रारदार तुमीच?"

"तक्रार नाही हो. कौतुक आहे ते."

"कौतुकाला आमच्याकडं नंबर पडत नाय, मॅडम. तुमचा पडलाय, म्हणजे ही तक्रारच. समालोचक खेळाडूंना बैल म्हणतात?"

"हो, पण तीच तर गंमत!"

अनिलरावांनी लिहून घेतलं: तक्रारदाराने आरोपास दुजोरा दिला.

"आनि तुमच्या लहान मुलीवर सतत लक्ष ठेवून असतात?"

"सतत!" दिशा कौतुकाने म्हणाली. "तिची चप्पल कुठे आहे, तेसुद्धा सांगतात."

अनिलरावांनी पेन थांबवलं, चष्मा पुसला. "हे फारच गंभीर हाय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी माईक काढून घेण्यात आला आणि कचेरीकडून प्रमाणित समालोचक आला. त्याच्यासोबत नियमावली आली. समालोचनाचा मजकूर सामन्याच्या तीन दिवस आधी मंजूर करून घ्यावा. सामना मंजूर मजकुराशी विसंगत झाल्यास त्याची जबाबदारी खेळाडूंवर राहील. त्यामुळे प्रणितला चेंडू हातात घेऊन चार मिनिटं उभं राहावं लागलं, कारण मजकुरात त्याची टोपली अकराव्या मिनिटाला होती.

दिशा भाकरी थापत होती. मोबाईल संथपणे म्हणाला, "प्रेक्षक शिस्तीत बसले आहेत. मैदानात लहान मुले नाहीत."

तिच्या हाताखालची भाकरी परातीतच राहिली. लहान मुलं नाहीत? मग मनस्वी कुठे आहे? पिठाच्या हातांनी ती धावत सुटली. मनस्वी टोपलीच्या खांबाखालीच मातीत मांडी घालून बसली होती आणि सगळे खेळाडू तिच्याच दिशेने धावत येत होते. अकरावं मिनिट लागलं होतं.

"थांबा रं! पोर हाय तिथं, पोर!" गर्दीतून मंगळू ओरडला. माईक नव्हता, पण तो बैलबाजारात कमावलेला आवाज होता. प्रणित जागच्या जागी थबकला, धाऊने धावत जाऊन मनस्वीला उचललं.

त्यावर दोघांना नोटीस निघाली: ध्वनिक्षेपकाविना अनधिकृत समालोचन, तेही मंजूर मजकुराच्या विरोधात.

दिशा मनस्वीला काखोटीला मारून कचेरीत गेली. "मी तक्रार मागे घेते."

"मग ती खोटी होती असं लिहून द्यावं लागंल," अनिलराव म्हणाले. "खोट्या तक्रारीवर कारवाई वेगळी."

"मग कौतुकाचा रकाना तरी उघडा!"

"अहो, एकवीस वर्षं या खुर्चीत बसलोय. कौतुक लिहून द्यायला कुनी आलंच नाय. रकाना कुनासाठी उघडू?" पण ते विरघळले. पंचवीस सह्या आणल्या तर रकाना उघडेल आणि दोघांना माईक परत मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

दिशा घरोघर फिरली. सगळे म्हणाले, मंगळू-धाऊसारखं कुणी होणार नाय. सही मात्र कुणी केली नाही.

"चांगल्याला लिहून कशाला द्यायचं गो?" सासूबाईंनी विचारलं. "कळतंय ना त्यांना!"

प्रणित म्हणाला, "सही करतो वयनी, पन त्यात आदी लिवा, मला बिचकतो म्हनाले ते."

त्याच संध्याकाळी प्रमाणित समालोचकाविरुद्ध त्याच गावातून एकशे चाळीस तक्रारी गेल्या, सविस्तर, फोटोंसह. कचेरीने तत्परतेने दखल घेऊन समालोचनच बंद केलं. आता सामने मुक्याने होतात. दिशा भाकऱ्या मैदानाच्या कडेला चूल मांडून करते.

पंचवीस सह्यांचा तो अर्ज गावातल्या वाण्याच्या दुकानात टांगलेला आहे, पेन दोऱ्याला बांधलेलं आहे. एक सही दिशाची, चोवीस ओळी कोऱ्या. बाहेरगावची सहीसुद्धा चालते, असं अनिलरावांनी कळवलं आहे. तेव्हा इथवर वाचता वाचता आपण एकदा तरी हसला असाल, तर पेन उचलावं. काय म्हणता? त्याआधी या गोष्टीतल्या चुका कुठे कळवायच्या ते हवंय?

तो रकाना उघडाच आहे. 'इतर'मध्ये लिहा. नंबर लगेच पडेल.