आतून कडी

शिबिराच्या शेवटच्या दिवशी, सव्वाचारला, प्रशिक्षकसर सभागृहामागच्या बाथरूममध्ये अडकले. कडी लागताना नीट लागली, उघडताना मात्र जागची हलेना. शाळाशाळांच्या मुख्याध्यापकांना घडवण्यात सरांची तीस वर्षं गेली होती आणि अलीकडे त्यांना या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. आज फक्त पाचची बस मिळाली की झालं. उद्या सकाळी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि "या वेळी तरी वेळेवर या," असं तिने चारदा बजावलं होतं.

सरांनी दार बडवलं. बाहेर पावलं वाजली.

"सर, आत आहात का?" जाड भिंगाच्या चष्म्याचे एक मुख्याध्यापक विचारत होते.

"आत आहे म्हणून तर बडवतोय. कडी अडकलीय. कुणालातरी बोलवा."

बाहेर कुजबुज झाली. आता चूक सरांचीच होती. मुख्याध्यापकाने उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे, म्हणजे समोरच्याला आपलं उत्तर आपणच सापडतं, हे त्यांनी पाच दिवस घोटून घेतलं होतं. वर सकाळी बजावलं होतं, की आज कधीतरी न सांगता परीक्षा घेईन. चाळीस मुख्याध्यापकांना वाटलं, हीच ती.

"सर, आत्ता तुमच्यासमोर कोणते पर्याय आहेत?" एका मुख्याध्यापिकाबाईंनी मायेने विचारलं.

"दार तोडा."

"हे पहिलं उत्तर झालं. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"अहो बाई, शिपायाला हाक मारा."

"शिपायाला हाक मारून तुम्ही नेमकं काय टाळताय, सर?"

मागून कुणीतरी "वा" म्हणालं. वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ही परीक्षा नाहीये हो," सर काकुळतीला आले.

"परीक्षेत असंच म्हणणार ते," जाड भिंगवाले हळूच म्हणाले.

साडेचार वाजले. तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सरांचं शिकवणं जसंच्या तसं अमलात आणत होतं, आणि सरांना रडू येत होतं. त्यांनी बायकोला फोन लावला.

"बाथरूममध्ये अडकलोय गं. कडी निघत नाही. काय करू?"

पलीकडून ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, काय करावं?"

"तू तरी नको गं."

"भाजी कुठली करू विचारलं, तरी मला हेच ऐकावं लागतं. आपल्या बाथरूमची कडी अडकते, सुतार बोलवा म्हटलं, तर म्हणालात, तुझ्या मते उपाय काय? शेवटी शोधला मीच. मूठ धरून दार वर उचला आणि मग कडी सरकवा."

सरांनी दार उचललं. कडी निमूट सरकली.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, सरांना त्यांचं उत्तर सापडलं," बाई म्हणाल्या. सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि "सगळे पास," म्हणून बॅग उचलली.

बस मिळाली. खिडकीशी टेकून त्यांनी सुताराला फोन लावला. उद्यापासून बायकोच्या एका डोळ्यावर पट्टी असणार होती.

"कडी अडकते. काय करायचं म्हणता, साहेब?" सुताराने विचारलं.

तुम्हाला काय वाटतं, हे सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "नवी बसवा. आज साडेसहाला घरी या."

"एवढी घाई? कधीपासून अडकतेय?"

"अकरा वर्षं झाली," सर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.