जिंकलेल्यांचा फोटो नको

आज पेपर आलाच नाही तर बरं, असं देवाला विनवणारा वार्ताहर सिल्वासात हर्षल एकटाच असेल. पण पेपर आला. क्रीडापानावर नरोलीचा संघ करंडक धरून हसत होता आणि वर ठळक अक्षरांत होतं, ‘नरोली अजिंक्य’. सामना जिंकला होता खडोलीने.

त्याचं असं झालं होतं, की पान छापायला जायचं संध्याकाळी लवकर आणि सामना सुरू व्हायचा पाहुण्यांची भाषणं आटोपल्यावर. यावर हर्षलने नामी तोडगा काढला होता. नाणेफेकीच्या वेळीच करंडक आळीपाळीने दोन्ही संघांच्या हाती द्यायचा, दोघांचे फोटो काढायचे आणि खेळाचा रंग बघून त्यातला एक पाठवून मोकळं व्हायचं. काल खडोलीची शेवटची जोडी खेळत होती, म्हणून त्याने नरोलीला जिंकवलं. तो गाडीला किक मारतोय तोच मागे शेवटचा षटकार बसला.

मागे खो-खोच्या बातमीतही त्याने असाच घोळ घातला होता. “आता एक जरी तक्रार आली, तर घरी बसायचं,” असं संपादकांनी तेव्हाच बजावलं होतं. त्यामुळे त्याला दरदरून घाम फुटला होता.

“अहो, खाली टीम आलीय,” गौरी गॅलरीतून म्हणाली.

“कुठली?”

“पेपरात नाहीये ती.”

“बॅटी आहेत का हातात?”

“नाही. एक खोकं आहे.”

खोक्यात काय असेल, याचा विचार करतच तो कसाबसा खाली उतरला. खडोलीचा कप्तान नथू पुढेच उभा होता. नंदुरबारकडचा हा गडी एका कारखान्यात मशीनवर होता आणि सगळी टीम त्याच्याच खात्यातली होती. त्याने तोंड उघडण्याआधीच हर्षलने हात जोडले.

“नथूभाऊ, चुकलो. उद्याच खुलासा छापतो. तुमचा फोटो, सगळ्यांची नावं, सगळं. फक्त ऑफिसात तक्रार करू नका.”

“फोटो?” नथूचा चेहरा उतरला. “साहेब, नोकरी घेता का आमची?”

“म्हणजे?”

“मॅच बुधवारी ठेवेल होती. रजा कोन देतो? मंग मेसची भाजी बाधली सांगून सगळे घरी राहिलो. मॅनेजरले डाऊट येल होता, का आम्हीच मॅच जिंकलो. सकाळी गेटवर पेपर घिसनच बसेल होता तो. फोटो पाहे, आमचे थोबाडं पाहे, परत फोटो पाहे. शेवटी त्यालेच लाज वाटली. म्हने, आज भी आराम करा. वरून हे दिलं. म्हनून तुमचे आभार मानाले आलो.”

नथूने खोकं उघडलं. आत जुलाबावर घ्यायच्या पावडरीची पाकिटं भरली होती.

“तुमचंच तोंड सुकेल दिसतं,” तो म्हणाला. “घ्या दोन.”

हर्षल मटकन पायरीवर बसला. नोकरी वाचली होती, हाडंही शाबूत होती. त्याला हसू आवरेना. गौरीने वरून विचारलं, “चहा किती जणांचा टाकू?” तर तो म्हणाला, “मोठं पातेलं चढव.”

चहा पिऊन निघताना नथू घुटमळला.

“साहेब, पुढच्या आठवड्यात सायली गावात दुसऱ्या कपची फायनल हाय. शुक्रवारी.”

“मग? जिंकणार का?”

“जिंकू तर आम्हीच,” नथू हळूच म्हणाला. “पेपरात मात्र तेवढं हरलो म्हनून लिहा.”